तळ्यांतील मासे पाहण्याचा चष्मा

शेततळ्यांत रोहू, कटला सोडणाऱ्या वाचकांस पाण्यावरील चकाकीचा त्रास सांगावयास नको. गतवर्षीं आमच्या तळ्यांतील माशांच्या अंगावरील तांबडे व्रण या चकाकीमुळें आम्हांस उशिरां दिसले. तोंवर पुष्कळ मासे दगावले होते.

साधा काळा चष्मा येथें उपयोगी नाहीं. तो चकाकी मंद करतो, तसाच मासाही मंद करतो. पाण्यावरून तिरपा परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेनें कंप पावतो. पोलराइज्ड कांच नेमका तोच अडविते व पाण्यांतून वर येणारा बराच प्रकाश येऊं देते. दृष्टि पाण्याशीं सुमारें ३७ अंशांचा कोन करील तेथें हा गुण सर्वाधिक दिसतो. डोळे पाण्यापासून ५ फूट उंच असल्यास सुमारें साडेसहा फुटांपलीकडील पाणी न्याहाळावें. पायाशीं सरळ खालीं पाहून लाभ नाहीं.

खरेदी करतांना चिठ्ठीवर विसंबूं नये. आम्हीं एकदां तसे फसलों आहों. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवरील चकाकीकडे तिरपें पाहत चष्मा डोळ्यांपुढें पाव वळसा फिरवावा. चकाकी कमीअधिक न झाल्यास तो परत करावा. उथळ तळ्यास तपकिरी कांच आम्हांस बरी वाटते. फार गडद नको. अतिनील किरण अडविणें हा निराळा गुण असून त्याची चौकशी स्वतंत्र करावी. पाणी गढूळ असेल, तर मात्र चष्म्याचा उपाय चालत नाहीं; तेथें जाळें ओढूनच मासे तपासावे लागतात.