लष्कराच्या भाकऱ्या आणि मुलाखतीची रांग

हर्सूलला राहणाऱ्या माणसाने परगावी आपला पत्ता सांगितला की ऐकणाऱ्याच्या ओठांवर एक खट्याळ स्मित उमटते आणि "मग बाहेर कधी आलात?" हा ठरलेला प्रश्न येतो. आमच्या गावाला जुन्या शहराच्या काही भागाची तहान आजही भागवणारा तलाव आहे, हरसिद्धी मातेचे देऊळ आहे, नवरात्रात तिथे दर्शनाला रीघ लागते, हे सारे सांगून होईपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांपुढे मध्यवर्ती कारागृहाची भिंत उभी राहिलेली असते. पूर्वी या थट्टेचा मला राग येई. आता येत नाही. कारण ज्या विषयावर आज लिहायला बसलो आहे, त्याचे पहिले धडे मला त्या भिंतीबाहेर, मुलाखतीच्या रांगेपाशीच मिळाले.

निमित्त घडले ते असे. आमच्या आळीतील एक सद्गृहस्थ, आयुष्यभर सरकारी खात्यात कारकुनी केलेले, एका संध्याकाळी आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिला एमएसडब्ल्यू करायचे होते, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घ्यायची होती, आणि वडिलांच्या मते हा निव्वळ वेडेपणा होता. "सर, तुम्हीच समजावा," ते म्हणाले, "बी.एड. कर म्हटले, बँकेच्या परीक्षा दे म्हटले, तर ही म्हणते समाजकार्य. लष्कराच्या भाकऱ्या भाजून कुणाचे घर चालले आहे? आणि समाजसेवा करायला पदवी कशाला लागते?" मुलगी काही बोलली नाही, मांडीवरच्या वहीचा कोपरा दुमडत बसली.

गृहस्थांच्या दुसऱ्या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही, कारण त्याचे मूळ आपल्याच इतिहासात आहे. ज्या प्रांतात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, जिथे धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची मुहूर्तमेढ रोवली, विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिले आणि नारायण मल्हार जोशांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, त्या प्रांतातील माणसाला समाजसेवा म्हणजे त्याग, व्रत आणि अर्धपोटी राहण्याची तयारी असेच वाटणार. या थोर माणसांना आपण देव्हाऱ्यात बसवले, आणि देव्हाऱ्यातल्या मूर्तीला पगार किती हे विचारण्याची प्रथा नसल्यामुळे, त्यांच्या मागून त्याच वाटेने जाणाऱ्या सामान्य मुलामुलींनाही तो प्रश्न विचारणे आपण असभ्य ठरवून टाकले. या भक्तिभावाने या व्यवसायाचे जेवढे नुकसान केले, तेवढे उपेक्षेनेही केले नसेल.

वस्तुतः समाजसेवा आणि समाजकार्य हे दोन शब्द मराठीत आता निराळे झाले आहेत. सेवा ही वृत्ती आहे; ती शिकवता येत नाही आणि तिची परीक्षाही घेता येत नाही. कार्य हे कसब आहे, आणि कसब म्हटले की उस्ताद आला, उमेदवारी आली, चुका आल्या. १९३६ साली मुंबईच्या नागपाड्यात सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले (तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था), तेव्हा त्यामागे हीच कल्पना होती, की दुःखिताला मदत करायला जसे अंतःकरण लागते तशी पद्धतही लागते.

ही पद्धत म्हणजे काय, हे मी गृहस्थांना व्याख्या देऊन सांगितले नाही. मुलाखतीच्या रांगेतला एक प्रसंग सांगितला.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात कारागृहाबाहेर एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत एक प्रौढ बाई बसली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्डाची झेरॉक्स आणि घडी घालून घालून चिरलेला एक कागद. मुलगा चोरीच्या आरोपावरून कच्चा कैदी म्हणून आत होता. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार मिळत नव्हता. ज्याच्याकडे ऐपतीचा दाखला काढण्याजोगी जमीन होती तो चुलता फोन उचलत नव्हता. मी, सेवावृत्तीचा माणूस, गहिवरलो, तिच्या हातावर शंभराची नोट ठेवली आणि काहीतरी सत्कृत्य केल्याच्या समाधानात तिथेच रेंगाळलो. एवढ्यात क्षेत्रकार्यासाठी आलेली समाजकार्याची एक विद्यार्थिनी तिथे आली. तिने नोट दिली नाही आणि सांत्वनही केले नाही. ती खाली बसली, बाईच्या डोळ्यांच्या पातळीवर आली आणि म्हणाली, "मावशी, जामिनाचा हुकूम कोणत्या तारखेचा?"

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र होते. बाईला तारीख ठाऊक नव्हती. ती त्या चिरलेल्या कागदावर होती. हुकूम होऊन तीन आठवडे लोटले होते. गरीब बंद्यांच्या साहाय्यासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये जी योजना काढली, तिच्या मूळ नियमांनुसार जामीन होऊनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृहाने ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे, त्याच्या ऐपतीची चौकशी व्हायची आणि पात्र ठरल्यास कच्च्या कैद्यासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंतची तजवीज जिल्ह्याच्या समितीने करायची. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा पहिल्याच खेपेच्या आरोपीने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश मुदत आत काढली असेल, तर त्याला मुचलक्यावर सोडण्याची तरतूद केली आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत आणि एकाहून अधिक खटले चालू असतील तर ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याचे कर्तव्य कायद्याने कारागृहाच्या अधीक्षकांवरच टाकले आहे. मुलीने बाईला यातले एकही कलम ऐकवले नाही. गुन्ह्याचा क्रमांक, न्यायालय, अटकेची तारीख, घरात कमावते कोण, धाकटी मुले शाळेत जातात की नाही, एवढे विचारून तिने वहीत टिपले आणि प्राधिकरणाच्या नावाने साधा अर्ज लिहून त्यावर बाईचा अंगठा घेतला. सगळे मिळून चाळीस मिनिटे. माझी शंभराची नोट एव्हाना रिक्षाभाड्यात गेली असेल.

"म्हणजे वकिलीच की ही," गृहस्थ म्हणाले. वकिली नव्हे. वकील खटल्याकडे पाहतो. समाजकार्यकर्ता खटल्याच्या भोवती पसरलेल्या संसाराकडे पाहतो. टाटा संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने १९९० पासून नेमके हेच काम बंद्यांमध्ये आणि सुटून आलेल्यांमध्ये केले आहे. त्याआधी १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात संस्थेने अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी विशेष कक्ष उघडला. पोलिसांच्या ठाण्यात खाकी न घातलेली, पण फिर्याद ऐकून घेणारी एक शिकलेली व्यक्ती बसलेली असावी, ही साधी गोष्ट पुढे राज्य शासनाने आपलीशी केली. मुलांच्या मदतीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये टाटा संस्थेतूनच, रस्त्यावरच्या मुलांच्या सहवासातून जन्मली. वर्गातले शास्त्र रस्त्यावर उतरते आणि कालांतराने सरकारी शिरस्ता होऊन बसते, असे दृश्य इतर विद्याशाखांत फारसे दिसत नाही.

आता अभ्यासक्रमाविषयी. बारावीनंतर बीएसडब्ल्यू करता येते. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यूची दोन वर्षे. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती हे त्याचे परंपरागत सहा खांब; ही नावे पाठ करून परीक्षा सुटते, माणूस मात्र घडतो तो क्षेत्रकार्यात. बहुतेक महाविद्यालयांत आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात किंवा न्यायालयात जातो आणि परत येऊन अहवाल लिहितो: आपण काय बोललो, समोरचा काय बोलला, आपण कुठे उगाच उपदेश केला, कुठे घाईने मान हलवली. मग पर्यवेक्षक तो अहवाल वाचतो आणि समोर बसवून प्रश्न विचारतो. ही चर्चा मोडीत काढणारे महाविद्यालय असले, अहवाल न वाचताच सही होत असली, तर तिथली पदवी कागदाचा तुकडा समजावी. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी इमारत पाहू नये, मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून "तुझे अहवाल कोण वाचत होते?" एवढेच विचारावे.

महाविद्यालयांना आपल्याकडे तोटा नाही. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासून, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देत आहे; नागपुरात कमलाताई होस्पेटांच्या मातृ सेवा संघाने याच विषयाची शाळा काढली. मराठवाड्यातल्या मुलांना टाटा संस्थेचे तुळजापूर हे जवळचे ठिकाण. तिथला प्रवेश आता केंद्रीय सीयूईटी परीक्षेच्या मार्गाने होतो. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग मोकळा आहे, पण क्षेत्रकार्य तिथेही चुकत नाही, आणि चुकवूही नये.

आणि नोकरी? इथे मी गृहस्थांशी लपवाछपवी केली नाही. घाटीसारख्या शासकीय रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक, जिल्हा परिवीक्षा अधिकारी, कुटुंब न्यायालयातील विवाह समुपदेशक ही नियमित वेतनाची पदे आहेत. पण ती मोजकी, आणि जाहिरात निघेपर्यंत धीर धरावा लागतो. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, एचआयव्ही समुपदेशन केंद्रे, ग्रामीण उपजीविका अभियान, स्वयंसेवी संस्था यांतली बहुसंख्य कामे कंत्राटी. निधी संपला की मुदत संपते, आणि आरंभीचे मानधन इंजिनिअर झालेल्या चुलतभावाच्या पगाराशेजारी ठेवले तर मान खाली घालावी लागते. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांमुळे आमच्या शहराला एक वेगळी वाट आहे: १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे भाग पाडले, तेव्हापासून समाजकार्याचे पदवीधर या जागांवर जात आले, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करण्याचे बंधन घातल्यापासून, तो पैसा कुठे आणि कसा लावावा हे सांगणाऱ्या माणसांचीही गरज पडू लागली. मनोरुग्णांमध्ये काम करायचे असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोसामाजिक कार्यकर्त्यासाठी एमएसडब्ल्यूच्या पुढचे विशेष शिक्षणही अपेक्षिले आहे. बंगळूरची निम्हान्स हे त्याचे नामांकित केंद्र. डॉक्टर-वकिलांना आहे तशी वैधानिक परिषद या व्यवसायाला देशपातळीवर नाही, त्यामुळे कोणीही उठून स्वतःला समाजसेवक म्हणवतो. शिकलेल्या माणसाचा भाव पडतो तो इथे.

मुलींच्या सुरक्षिततेचा विषय गृहस्थांनी काढला नाही, पण तो त्यांच्या मनात होता, मीच काढला. चांगल्या संस्थेत पहिल्या वर्षाचा विद्यार्थी एकटा कुठेही जात नाही, कुठे आणि किती वाजेपर्यंत आहे याची नोंद राहते. थकवा मात्र खरा. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकून जो घरी येतो, त्याने घरी आल्यावर गप्प बसण्याचा हक्क घरच्यांकडून आधीच मागून घ्यावा.

मी निर्णय दिला नाही. मुलीला एवढेच सुचवले, की फॉर्म भरण्याआधी या परीक्षा-सुटीत महिनाभर एखाद्या वस्तीतल्या अभ्यासिकेत किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बसावे. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येतील, त्यावरून काही ठरवू नये. तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा तोच माणूस तीच तक्रार चौथ्यांदा सांगू लागेल, तेव्हा आपण ऐकतो आहोत की घड्याळ पाहतो आहोत, हे पाहावे.

चहा झाला. गृहस्थ उठले, पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले, आणि मुलगी चपला घालेपर्यंत परत वळून आवाज खाली आणत म्हणाले, "सर, ते कलम कितवे म्हणालात? आमच्या गावाकडचा एक पोरगा आहे, मेहुण्याचा, दीड वर्ष झाले..."

"चारशे एकोणऐंशी," मुलगी म्हणाली. तिने ते मघाशीच वहीत लिहून घेतले होते. मग वडिलांकडे वळून तिने विचारले, "अटकेची तारीख माहीत आहे का, बाबा?"