इंग्रजी वाचन : अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी
(लहान मुलांचे वर्ग चालविणाऱ्या बंधुभगिनींकरिता)

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ उपदेशक व शिक्षिका सायंकाळी गावातील लहान मुलांस एकत्र जमवून त्यांचा अभ्यास घेतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मराठीचा धडा बहुधा सुरळीत चालतो. इंग्रजीचे पुस्तक उघडले म्हणजे मात्र वर्गात एक निराळाच प्रकार सुरू होतो. गुरुजी म्हणतात, "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर," आणि मुले तेच मोठ्याने ओरडतात. ऐकणाऱ्यास वाटते, मुले वाचू लागली. अशा वेळी पानावरील मांजराच्या चित्रावर हात ठेवावा आणि तोच शब्द दुसऱ्या पानावर दाखवून विचारावे. जे मूल क्षणापूर्वी सर्वांत मोठ्याने ओरडत होते, ते गप्प बसते. त्याला तो शब्द पाठ होता, वाचता येत नव्हता.

ह्यात मुलाचा मंदपणा नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात सन २००० पासून पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी शिकविण्यात येत आहे. तरीही 'असर' ह्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीत सन २०२२ साली असे आढळले की, सगळ्या देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्साच साधे इंग्रजी वाक्य वाचू शकतो, आणि आठवीतही हे प्रमाण निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. मोलमजुरी करणारे आईबाप पोटास चिमटा घेऊन मुलास इंग्रजी शाळेत घालतात, फी भरतात, गणवेश शिवतात. आणि त्यांचे मूल चार वर्षे पोपटासारखे म्हणत राहते. आईबापांस स्वतः इंग्रजी येत नसल्यामुळे त्यांना हे कळण्यास मार्ग नसतो. म्हणून ज्यांच्या हाती वर्ग आहे त्यांनी ह्या गोष्टीचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ असे आहे. आपल्या बालबोध लिपीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी ह्यांत भेद नाही. क ह्या अक्षराचे नाव क, आणि ते बोलतेही क. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मुखातील स्थानांप्रमाणे आपल्या पूर्वजांनी वर्णांची रांग लावून ठेविली आहे. ध्वनीवरून वाचन शिकविणे हे आपणांस परके नाही. त्यामुळे मराठी मूल इंग्रजी अक्षरापुढे आले की साहजिकच समजते की, हे अक्षरही आपले नावच बोलत असेल. पण सी, ए, टी ही तीन नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून कॅट निघत नाही. एच ह्या नावात ह कोठेच नाही. डब्ल्यू ह्या नावात व सापडत नाही. वाय ह्या अक्षराची गोष्ट तर सर्वांहून विलक्षण : नावाचा आरंभ व ने आणि ध्वनी मात्र य! मूल 'यस' हा शब्द 'वेस' असा वाचते तेव्हा त्याने तर्क बरोबर चालविलेला असतो. त्यास दिलेली माहितीच उलटी असते.

ही अडचण प्रत्यक्ष युरोपातही जुनीच आहे. लूथरच्या काळी व्हॅलेंटिन इकेल्सामर नावाचा एक जर्मन शिक्षक होऊन गेला. सामान्य लोकांच्या हाती छापील पवित्र शास्त्र येऊ लागले होते, पण त्यांस वाचता येत नव्हते. इकेल्सामरने सन १५२७ मध्ये एक लहानसे पुस्तक काढून दाखविले की, अक्षरांची नावे घोकण्याऐवजी बोललेल्या शब्दातील ध्वनी आधी कानाने वेगळे करावे व मग त्यांची चिन्हे शिकावी, म्हणजे मनुष्य थोडक्या काळात वाचू लागतो. इंग्लंडात ह्या विषयी शेकडो वर्षे वाद चालला. मध्यंतरी सबंध शब्द चित्राप्रमाणे ओळखावा हीच पद्धत तेथे पुष्कळ शाळांत रूढ झाली होती. पुढे सन १९९२ मध्ये 'जॉली फोनिक्स' ही ध्वनिपद्धतीची पुस्तके निघाली. तीत बेचाळीस ध्वनी क्रमाने शिकवितात, आणि आता आपल्याकडील शहरी शाळांतूनही ते नाव ऐकू येते. त्यानंतर सन २००६ च्या रोज ह्यांच्या अहवालाने सरकारी शाळांस ध्वनिपद्धतीचीच शिफारस केली. म्हणजे गोऱ्या मुलांसही, ज्यांची ती मातृभाषा, हे शिकवावे लागते. आपल्या मुलांस ते आपोआप यावे अशी अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी?

आता प्रत्यक्ष धड्याकडे वळू. आमच्या मते पहिला शब्द 'बस' हा घ्यावा. हा शब्द प्रत्येक मुलास ठाऊक आहे, आणि मराठीत तो दोन अक्षरांत लिहिला जातो. मुलास विचारावे, "ब मध्ये काय लपले आहे?" ब हा ब् आणि अ मिळून झाला आहे, हे बाराखडी शिकलेले मूल लवकर समजते. इंग्रजी लिपीत हा लपलेला अ बाहेर काढून निराळा लिहावा लागतो. म्हणून तेथे तीन अक्षरे : बी, यू, एस. त्यांचे ध्वनी ब्, अ, स्. ब् हा पाय मोडलेलाच उच्चारावा. 'ब' असे पूर्ण म्हटले की पुढील स्वराशी त्याचा मेळ बसत नाही. पुष्कळ शिक्षक येथेच घसरतात. ते नावे सोडून ध्वनी शिकवू लागतात, पण प्रत्येक ध्वनीस अ चिकटवितात, आणि मग मूल 'ब-ॲ-ट' असे तीन तुकडे घेऊन बसते व जोडू शकत नाही. शेवटचे व्यंजन पाय मोडून म्हणणे मराठी मुलास अवघड नाही. आपण 'घर' लिहितो आणि 'घर्' म्हणतो. ते तर ते रोजच करीत आहे. हे त्याच्या लक्षात आणून दिले की पुरे.

'बस' झाल्यावर पाच स्वर एका रांगेत शिकविता येतात : बॅग, बेड, बिल, बॉक्स, बस. पाचही शब्द खेड्यातील मुलाच्या कानावरून गेलेले आहेत, आणि त्यांत ए, ई, आय, ओ, यू ह्या पाचही अक्षरांचे ऱ्हस्व ध्वनी येतात. ही ब ची इंग्रजी बाराखडीच समजावी. ह्यांतील ॲ आणि ऑ हे दोन ध्वनी मूळ मराठीतले नव्हेत. इंग्रजी शब्दांकरिताच आपण अर्धचंद्राची खूण स्वीकारली. पण आता बॅट आणि डॉक्टर कोणास परके वाटत नाहीत, त्यामुळे येथे अर्धे काम झालेले आहे. पॅन, पेन, पिन हे तीन शब्द एकापुढे एक म्हणवून घ्यावे. मधला स्वर तेवढा बदलतो हे मुलाच्या कानास पटेपर्यंत पुढे जाऊ नये.

अक्षरे ए पासून झेडपर्यंत ओळीने शिकविण्याचे कारण नाही. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा आधी घ्यावी. सहाच अक्षरांत पिन, टिन, टिप, पॅन, टॅप, सिट इतके शब्द तयार होतात, आणि पहिल्याच आठवड्यात मूल असा शब्द वाचते की जो त्यास कोणी पाठ करविलेला नसतो. तो आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसतो.

आता आपल्या किनाऱ्यावरील मुलांविषयी दोन शब्द. मार्वेहून होडीने खाडी ओलांडली म्हणजे मनोरी गाव लागते. त्यापुढे गोराई व उत्तन. मुंबईच्या इतके जवळ असूनही ही कोळ्यांची व शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे, आणि येथील ख्रिस्ती लोक पोर्तुगीज अमदानीपासूनचे आहेत. सन १८८७ मध्ये ह्या लोकांनी ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. नाव इंग्रजी, पण घरची बोली मराठीचीच एक शाखा. ह्या बोलीत ण आणि ळ फारसे ऐकू येत नाहीत. पाण्यास पानी म्हणतात, कोळी स्वतःस कोली म्हणवितात. देशावरून आलेला शिक्षक येथे वर्ग घेऊ लागला की पहिल्या दिवसापासून "शुद्ध बोल" म्हणून मुलांस टोचतो, आणि मूल तोंड उघडण्याचेच सोडते. ज्याने तोंड उघडावयाचे नाही त्यास ध्वनीवरून वाचन शिकविणे अशक्य. शिवाय इंग्रजीत ण नाही आणि ळही नाही! त्या भाषेपुरते मनोरीचे मूल पुण्याच्या मुलाहून तिळभरही मागे नाही. एका ठिकाणी मात्र सावध असावे. ह्या बोलीत शब्दाच्या मध्ये येणाऱ्या ड चा पुष्कळदा र होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. म्हणून डी आणि आर हे ध्वनी लागोपाठ शिकवू नयेत. एक चांगला बसल्यावर दुसरा घ्यावा, आणि 'रेड' ह्या शब्दात दोन्ही एकत्र आणून मुलाच्या ओठाजिभेकडे पाहावे.

उलट, मराठीचा मोठा लाभ ज ह्या अक्षरात आहे. 'जेवण' ह्यातील ज निराळा आणि 'जाळे' ह्यातील ज निराळा, हे प्रत्येक मराठी मूल न शिकविता जाणते. इंग्रजी 'जेटी' ह्या शब्दाचा ज जेवणातला होय. 'जाळे' ह्यातील ज म्हणताना जीभ टेकू न देता वारा तेवढा सोडला की झेडचा ध्वनी हाती येतो. व्ही आणि डब्ल्यू ह्यांविषयी थोडे श्रम पडतील. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठास लागतात, दुसऱ्यात ओठ शीळ घातल्याप्रमाणे गोल होतात. मराठी लेखनात व्हॅन, व्होट असे व्ह लिहून हा भेद दाखविण्याची चाल पडली आहे, तिचा उपयोग करावा. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढरू, हा भेद मात्र हळूहळूच येतो, कारण बोलताना आपण ऱ्हस्वदीर्घाकडे फारसे लक्ष देत नाही.

इंग्रजी शब्दाखाली मराठी अक्षरांत उच्चार लिहून देण्याची सवय आमच्या पुष्कळ बांधवांस आहे. हेतू चांगला असला तरी ती सोडावी. डोळ्यांस दोन लिप्या दिसल्या की मूल ओळखीचीच वाचते, आणि वरच्या ओळीकडे पाहतही नाही.

सर्वच शब्द ध्वनीने वाचता येत नाहीत, हेही खरे. द, वॉज, वन, सेड असे काही शब्द लिहिण्यात एक आणि बोलण्यात भलतेच असतात. कॅक्स्टनने सन १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढल्यानंतर लेखन हळूहळू स्थिर होत गेले, पण लोकांचे उच्चार बदलत राहिले. 'नाइफ' ह्या शब्दापुढील के एके काळी खरोखरच बोलला जात असे. असे शब्द आठवड्यास दोन किंवा तीन, ह्याहून अधिक देऊ नयेत. ते तेवढे पाठ करवावे, आणि ते पाठ करावयाचे आहेत असे मुलास उघड सांगावे.

परीक्षा कशी घ्यावी? इंग्लंडात सन २०१२ पासून सहा वर्षांच्या मुलांस चाळीस शब्द वाचावयास देतात. त्यांपैकी निम्म्यांस काही अर्थच नसतो. ही युक्ति आपल्या वर्गातही चालेल. टी, आय, बी अशी अक्षरे फळ्यावर लिहून विचारावे. 'टिब' असे उत्तर आले तर मूल वाचते आहे. 'टिन' आले तर ते अजून अंदाज करीत आहे. मात्र असे निरर्थक शब्द परीक्षेपुरतेच ठेवावे. इंग्रज मूल शब्द उच्चारते तेव्हा तो त्याच्या ओळखीचा निघतो. आपले मूल 'विग' बरोबर वाचील आणि तरी ते काय असते हे त्यास कळणार नाही. अर्थावाचून वाचण्याची सवय लागली तर घोकंपट्टी पुन्हा दुसऱ्या दाराने आत शिरली असे समजावे. म्हणून पहिले दोन-तीन महिने जे शब्द मुलाच्या तोंडी आधीच आहेत तेच घ्यावे : कप, मग, जग, टब, पंप, बॅट, हॅट, टेन. नवीन शब्द आला तर वस्तू दाखवावी, अभिनय करावा, मग अक्षरे मांडावी.

ज्या मुलास अद्याप मराठी वाचता येत नाही त्याचे काय, असा प्रश्न विचारण्यात येतो. आमचे मत असे की, त्याचे मराठी वाचन आधी पुरे करावे. ध्वनी जोडून शब्द करण्याची कला मनुष्य एकदाच शिकतो, आणि ती स्वतःच्या भाषेत सर्वांत लवकर शिकतो. शाळेत दोन्ही भाषा एकदम चालू असतील तर आपल्या वर्गात तरी मराठीस पहिला अर्धा तास द्यावा आणि इंग्रजीस पंधरा मिनिटे.

साहित्यास पैसा लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर एकेक अक्षर जाड लिहून तुकडे कापावे, आणि मुलांनी ते जमिनीवर मांडून शब्द करावे. आरंभी लहान लिपीची अक्षरे घ्यावी, कारण पुस्तकात तीच अधिक असतात. मोठी लिपी दुसऱ्या महिन्यात आणावी. ती आली म्हणजे मुलांस धक्क्यावर किंवा बसच्या थांब्यावर न्यावे व तेथील पाट्या वाचावयास लावावे, कारण पाट्यांवर बहुतेक मोठीच अक्षरे असतात.