सिंगापुरात फ्री लेफ्ट नसतो

भारताचं कार लायसन्स असलेल्याला सिंगापुरात रस्त्यावरची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. एक थिअरी परीक्षा पास झालात की लायसन्स बदलून मिळतं. कागदपत्रं सोपी आहेत, हात-पायांच्या सवयी बदलणं जड जातं.

सुरुवात निघण्याआधीच करा. लायसन्स पक्कं हवं, लर्निंग चालत नाही. त्याची मुदत तपासा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं आणि पासपोर्टवर नावांचा क्रम कधीकधी वेगळा पडतो. तफावत असेल तर आरटीओतून दुरुस्त करून घ्या, परदेशात बसून ते काम फार किचकट होतं.

पोचल्यावर मुदत लक्षात ठेवा. १२ महिन्यांहून जास्त राहणार असाल तर तिथलं लायसन्स लागतंच, आणि पीआर, म्हणजे कायम निवासाचा दर्जा, मिळाला तर ३ महिन्यांत काढावं लागतं. नोकरीच गाडी चालवण्याची असेल तर नियम आणखी कडक आहेत. ते कंपनीला आधीच विचारा.

मग बेसिक थिअरी टेस्ट. बुकित बटोक, उबी किंवा वुडलँड्स इथल्या ड्रायव्हिंग सेंटरवर ती देता येते. ५० मिनिटांत ५० प्रश्न, त्यातले ४५ बरोबर हवेत. 'एवढी वर्षं गाडी चालवतोय' या भरवशावर कोणी जाऊ नये. बेसिक थिअरीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचा आणि सराव प्रश्न सोडवा. चुका बहुधा चिन्हांमध्ये आणि पिवळ्या रेघांमध्ये होतात. अखंड एकेरी पिवळी रेघ असेल तिथे रविवार आणि सुट्ट्या सोडून सकाळी ७ ते संध्याकाळी ७ पार्किंग नाही. दुहेरी असेल तर कधीच नाही.

पास झाल्यावर लायसन्स बदलण्याचा अर्ज ट्रॅफिक पोलिसांकडे करायचा. पासपोर्ट, वर्क पास आणि भारतीय लायसन्स जवळ ठेवा.

आता खरं काम. गाड्या इथेही डावीकडूनच चालतात, त्यामुळे सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडे पाटी लावून मनाई केली नसेल तर चालतं, असं आपण धरून चालतो. इथे दोन ठिकाणी नेमकं उलट आहे: पाटीने परवानगी दिली तरच चालतं. लाल दिवा असताना डावीकडे वळायचं तर तिथे तशी पाटी लागते, नाहीतर थांबून राहायचं. मागचा माणूस हॉर्न वाजवणार नाही, घाबरू नका. यू-टर्नचंही तेच. दुभाजकात मोकळी जागा दिसली म्हणून गाडी वळवायची नाही, यू-टर्नची पाटी शोधायची. न मिळाल्यास पुढे जायचं, दोन मिनिटं गेली तर गेली.

पहिले काही दिवस रविवारी सकाळी बाहेर पडा. झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्यासाठी थांबायचं, 'तो थांबेल' असा अंदाज बांधायचा नाही. वेगमर्यादेची पाटी नसेल तर ५० धरा. पिवळ्या चौकटीत पुढे जागा नसताना शिरू नका. बस-थांब्यातून निघणाऱ्या बसला वाट द्या. १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट लागते, मांडीवर घेणं बंद.

सिग्नल तोडला तर १२ दोषगुण बसतात. २४ महिन्यांत २४ झाले की लायसन्स निलंबित.

गाडी विकत घेण्याची घाई मात्र नको. गाडी ठेवण्याचा परवाना, म्हणजे सीओई, लिलावात घ्यावा लागतो आणि तो १० वर्षंच टिकतो. शिवाय गर्दीच्या रस्त्यांवर ईआरपीचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोलचे, पैसे आपोआप कापले जातात. आठवड्यातून एकदाच लागणार असेल तर भाड्याची गाडी परवडते. ती घेऊन सुट्टीत जोहोर बाहरूला जाणार असाल तर भाड्याच्या करारात मलेशियात नेण्याची परवानगी आहे का ते बघा, आणि पेट्रोलची टाकी निदान पाऊण भरून निघा. सिंगापूरच्या गाडीला सीमा ओलांडताना तो नियमच आहे.