कळकलेला समुद्र

मुलुंडच्या एका गृहस्थांच्या हॉलमध्ये उभा होतो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त बेरीज चालू होती. समुद्री माशांची चार फुटी टाकी, लोखंडी स्टँड, खाली पाणी गाळायची छोटी टाकी म्हणजे सम्प, स्किमर, दोन वेव्हमेकर, एलईडी, पंचवीस किलो ‘लाइव्ह रॉक’, चाळीस किलो वाळू आणि वर अर्धी बादली मीठ. सगळं मिळून अठरा हजार. नवं घ्यायला गेलो असतो तर साठ-सत्तरच्या खाली काही बसलं नसतं. “बदली झालीय सर, बंगळुरूला हे सगळं नेणार कुठे?” ते म्हणाले. पैसे मोजता मोजता मी एकच प्रश्न विचारला, “पंप चालतो ना?”

पंप उत्तम चालत होता. अजूनही चालतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी मुलांना क्षार ओळखायला लावतो. परीक्षानळीतल्या द्रावणात अमोनिया जरा जास्त पडला की गडद निळा रंग येतो, मुलं खूश होतात, आणि वहीत ‘तांबं आहे’ असं लिहिलं जातं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे घडलं ते अडाणीपणाने घडलं असं म्हणायची मला सोय नाही.

टाकी आणली तो रविवार. त्या गृहस्थांनी पाणी काढलं, पण वाळू तशीच ठेवली. “तिच्यात बॅक्टेरिया तयार झालेत, हलवू नका.” चाळीस किलो वाळू आणि वर दोन इंच पाणी, अशी ती काच चौघांनी तीन मजले खाली उतरवली, टेम्पोत घातली आणि डोंबिवलीत दोन मजले वर चढवली. घरी आल्यावर वाळू जरा हलली तर सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मुलगी नाक धरून गॅलरीत पळाली. खालचा थर काळा पडला होता. हायड्रोजन सल्फाइड, मी मनात म्हटलं, आणि खिडक्या उघडल्या. नाव माहीत असलं की धोका कमी झाल्यासारखा वाटतो. हा आम्हा मास्तर लोकांचा जुना रोग आहे.

मीठ कालवलं, क्षारता ३५ला आणली, महिनाभर थांबलो. अमोनिया चढला, उतरला, नायट्राइट चढलं, उतरलं. दोन डॅमसेल मासे सोडले, ते मजेत होते. मग काचेवरचं शेवाळ खायला सहा टर्बो गोगलगायी आणि मुलीच्या हट्टाखातर एक क्लीनर कोळंबी आणली. अंगावर लाल-पांढरे पट्टे, लांब पांढऱ्या मिशा. ती दगडावर बसून मिशा हलवत माशांना बोलावते आणि त्यांच्या अंगावरची घाण टिपते. आमच्याकडे तिने पहिल्या संध्याकाळी मिशा हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुशीवर पडली होती, पाय अगदी हळू हलत होते. दुपारी मी कॉलेजमधून आलो तोवर संपली होती. गोगलगायी काचेवरून एकेक करून गळल्या. उपड्या पडल्या की पुन्हा सरळ होण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. मी हाताने सरळ करायचो, त्या पुन्हा पडायच्या. मासे मात्र खात होते, भांडत होते, चकाकत होते.

मासे ठणठणीत आणि गोगलगाय-कोळंबी पटापट मरतात, हे दिसलं की इतर कारणं शोधण्याआधी तांब्याची चाचणी करावी. मी ती केली तेरा दिवसांनी. तोवर क्षारता, तापमान, दुकानदार आणि पालिकेचं पाणी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता.

मुलुंडला फोन लावला. “हो, दोनदा पांढरे ठिपके आले होते ना माशांना. निळं औषध टाकलं. मस्त गुण आला.” ते खोटं बोलले नव्हते. मीच विचारलं नव्हतं.

समुद्री माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके येतात, ते क्रिप्टोकॅरिऑन नावाच्या परजीवीमुळे. त्यावरचा जुना उपाय तांबं. मूळ द्रव्य म्हणजे आपलं मोरचूद. ज्या मात्रेत मासा तगतो आणि परजीवी मरतो, त्याच्या कितीतरी कमी मात्रेत गोगलगाय, कोळंबी, प्रवाळ मरतात. गंमत अशी की कोळंबीच्या स्वतःच्या रक्तात ऑक्सिजन वाहतं ते तांबंच. रक्तातलं चालतं, पाण्यातलं मारतं. म्हणून जाणकार माणूस आजारी मासा काढून दुसऱ्या, रिकाम्या टाकीत औषध देतो. मुख्य टाकीत औषध ओतलं की ते चुनखडीच्या सच्छिद्र दगडांना आणि वाळूला जाऊन बसतं. नाशिककडचे द्राक्षबागायतदार मोरचूद चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात, ते पानाला चिकटून राहतं. माझ्या टाकीत तोच संसार पाण्याखाली मांडला होता.

मी पाणी बदललं. अर्धं बदललं, चाचणी स्वच्छ आली. पाच दिवसांनी पुन्हा तांबं. पुन्हा अर्धं बदललं, कार्बन लावला, पुन्हा स्वच्छ, पुन्हा तांबं. दगडातून ते थोडं थोडं सुटतच होतं. आई सोफ्यावर बसून हे सगळं बघत होती. तिला काय झालंय ते समजावून सांगितलं, तर तिने दोन शब्दांत निकाल लावला. “दगड कळकलेत.”

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की कळकते, ती फेकून द्यावी लागते, आणि पातेलं नुसतं घासून चालत नाही. हे ज्या पिढीने पाहिलंय तिला माझी दोन महिन्यांची वणवण दोन शब्दांत कळली. फरक एवढाच की पातेल्याला कल्हई करता येते. दगडाला येत नाही.

म्हणून जुनं सामान घेणाऱ्यांना मी आता एकच चाळणी सांगतो : जे पाणी पितं ते घेऊ नका. काच पाणी पीत नाही, लोखंडी स्टँड पीत नाही, दिवे पीत नाहीत, ते जुने घ्या. दगड पितो, वाळू पिते, फिल्टरमधले स्पंज आणि सिरॅमिकच्या नळ्या पितात. त्या फुकट मिळाल्या तरी नकोत. औषध पडलं नसेल तरी जुन्या दगडात वर्षानुवर्षांच्या खाण्याचा फॉस्फेट मुरलेला असतो, आणि मग सहा महिने तुम्ही हिरव्या केसांसारखं शेवाळ उपटत बसता. पंप आणि स्किमर मधल्या जातीचे. पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून त्यात दिवसभर बुडवून ठेवा, चुन्याचा थर सुटतो. मग इम्पेलर बाहेर काढून त्याचा दांडा तडकलाय का आणि चुंबकाच्या आवरणाला चीर आहे का ते बघा. चीर असेल तर आत गंज चढतो आणि तो पाण्यात उतरतो. साबण कशालाच लावू नका.

तांबं एकाच दाराने येत नाही. माझ्या सम्पच्या रिटर्न पाइपला प्लंबरने ‘सर, प्लास्टिकचा टिकत नाही’ म्हणून पितळी व्हॉल्व्ह लावून ठेवला होता, तो मला तिसऱ्या आठवड्यात दिसला. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, दोन्ही खाऱ्या पाण्यात विरघळणारे. त्याहून मोठा सापळा चिलरचा. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी सहज ३१-३२ अंशांवर जातं आणि समुद्री टाकीला २५-२६च्या आसपास हवं असतं. नवा चिलर महाग, म्हणून जुन्या वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर वापरून केलेले जुगाडू चिलर विकायला असतात. मला एकाने सात हजारांत देऊ केला. झाकण उघडून बघितलं तर पाण्यातून फिरणारी कॉइल लखलखीत तांब्याची. खाऱ्या पाण्याला टायटॅनियमची कॉइल लागते. घेण्याआधी झाकण उघडायला सांगा, विकणारा नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. बजेट नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवन मात्र भरपूर होतं आणि ती तूट गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्याने नाही. मीठ उडत नाही, पाणीच उडतं. हेही मी पहिल्या आठवड्यात चुकलो होतो.

आता काचेचं. वाळूसकट उचलल्यामुळे तळाच्या सांध्यावर ताण आला असणार. टाकी मी तासभर पाणी भरून तपासली आणि पास केली. तीन आठवड्यांनी टाकीखालचं प्लाय एका कोपऱ्यात पुरणपोळीसारखं फुगलं आणि कडेला मिठागरात दिसते तशी पांढरी पापडी धरली. सांधा रोज थेंबभर गळत होता. खालच्या जोश्यांच्या छतापर्यंत पोचलं नाही ही पुण्याई. तपासायचं असं : रिकामी टाकी सपाट जागी, खाली थर्माकोलचा पातळ ताव, चारी बाजूंनी सांध्यांलगत वर्तमानपत्र, काठोकाठ पाणी आणि पूर्ण तीन दिवस. कागदावर ओला डाग दिसला की सिलिकॉन सगळं खरवडून नव्याने भरून घ्यायचं. जुन्यावर नवं सिलिकॉन धरत नाही. आणि भरलेल्या टाकीचं वजन आधी कागदावर मांडा. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे साधारण २५५ लिटर, नुसतं पाणीच २६० किलोच्या पुढे. वर काच, दगड, स्टँड आणि सम्प धरला तर चारशेच्या घरात. ती खोलीच्या मधोमध मांडू नका, भिंतीलगत, बीमच्या जवळ मांडा. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनिअरला विचारा. वायरिंगला गळती झाली की वीज तोडणारा ईएलसीबी हवाच. खारं पाणी वीज फार आनंदाने वाहून नेतं.

एका गोष्टीत मात्र मी वाचलो, आणि त्याचं श्रेय आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडमचं. सौदा ठरायच्या आधी मी स्टाफरूममध्ये टाकीचे फोटो दाखवले होते. दगडांमध्ये शोभेला दोन पांढऱ्या फांद्या ठेवल्या होत्या. त्या बघून मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. “सर, हे प्रवाळ आहे. हे घरी आणू नका.” कठीण प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. मेलेला सांगाडासुद्धा चालत नाही. समुद्रघोडेही याच कायद्याने संरक्षित आहेत. त्या फांद्या मी मुलुंडलाच सोडल्या. दगड आणल्यावर मॅडम एका शनिवारी घरी आल्या आणि भिंगातून एकेक दगड फिरवून बघितला. प्रवाळाच्या सांगाड्यावर चांदणीसारख्या बारीक खळ्या असतात, आत पाकळ्यांसारख्या कडा. त्या सापडल्या नाहीत, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला. बिल नसलेला ‘लाइव्ह रॉक’ स्वस्त नसतो एवढं लक्षात ठेवा. मालवणला सुट्टीत गेलात तर तिथून एखादा तुकडा खिशात घालून आणायचा मोहही आवरा.

त्याच दिवशी मॅडमनी आणखी एक अनर्थ टाळला. शेजारचे काका म्हणत होते, दगड मोठ्या पातेल्यात उकळून घे, सगळं निघून जाईल. मी पातेलं काढलंही होतं. समुद्री दगडावर बटणांसारखे दिसणारे झोअँथिड नावाचे जीव असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं आणि घरातली माणसं दवाखान्यात पोचतात. असे प्रकार परदेशात घडून गेले आहेत. माझ्या दगडांवर तसलं काही नव्हतं, पण पातेलं काढताना हे मला माहीत नव्हतं. दगड उकळू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रश मारताना चष्मा आणि हातमोजे घाला.

शेवटी सगळं रिकामं केलं. वाळू गोण्यांत भरली, दगड बाजूला काढले, टाकीचे सांधे नव्याने भरले. नवे सिरॅमिकचे दगड घेतले. जिवंत नाहीत, दिसायलाही सुरुवातीला टाइल्सच्या तुकड्यांसारखे, पण त्यांना भूतकाळ नाही. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं वापरायचं ठरवलं होतं. टीडीएस मीटर बुडवला तर ७०. घरगुती मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, म्हणून. मीटर शून्याजवळ दाखवेल असं पाणी वेगळं करावं लागलं. मग सायकल सुरू करायला बाजारातून एक सोललेली कोळंबी आणली, जुन्या मोज्यात बांधली आणि टाकीत सोडली. ती सडते, अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. आईला हे अजिबात पटलं नाही. “एवढी चांगली कोळंबी, आणि सडवायला?” सहा आठवडे लागले. त्यातले पाच मी टाकीकडे फारसा बघतही नव्हतो, हीच मोठी प्रगती.

आज टाकीत हॅचरीत वाढवलेले दोन क्लाउनफिश आहेत, चार गोगलगायी आहेत आणि दगडाच्या कपारीत बसून मिशा हलवणारी एक कोळंबी आहे. तिला आता आठ महिने झाले. मुलगी तिला ‘पार्लरवाली’ म्हणते.

जुने दगड गॅलरीत आहेत, आईने तुळशीच्या कुंडीभोवती रचलेत. गेल्या महिन्यात एक जुना वेव्हमेकर विकायला काढला, तो घ्यायला बदलापूरहून एक मुलगा आला. वेव्हमेकरच्या खोक्यावर मी मार्करने लिहून ठेवलं होतं : ‘तांबं पडलेल्या टाकीतला. व्हिनेगरमध्ये दोनदा धुतला आहे.’ त्याने ते वाचलं की नाही कोण जाणे. त्याची नजर कुंडीकडे. “सर, ते रॉक असेच पडलेत ना? मला द्या, हवं तर पैसे घ्या.” मी नाही म्हटलं. त्याने किंमत वाढवली. मी मोरचुदापासून सगळं सांगायला सुरुवात केली, पण त्याला सहा-दहाची लोकल पकडायची होती. जिना उतरताना फोनवर कुणाला तरी सांगत होता, “अरे, मास्तर लय चिक्कू आहे, दगडपण सोडत नाही.”