जुने पिनबॉल : आधी सेल तपासा

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या एका वाचकाने बॅली कंपनीचे १९९२चे ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ हे पिनबॉल यंत्र घेतले आहे. त्याचे फ्लिपर मंदावलेत. कॉइल बदलावी का?

उत्तर : थांबा! आधी मागच्या पेटीतला मुख्य सर्किट बोर्ड पाहावा. त्यावर तीन पेन्सिल सेल असतात. ते वर्षानुवर्षे तसेच राहिले की गळतात आणि तो द्राव तांब्याच्या बारीक रेषा खाऊन टाकतो. अनेक संग्राहकांनी हा धडा बोर्ड गमावून घेतला आहे. सेल वायरने जोडलेल्या वेगळ्या होल्डरमध्ये, बोर्डापासून दूर ठेवावेत.

आता फ्लिपर. कॉइल सहसा निर्दोष असते. झिजतात ती तिच्यातली प्लास्टिकची नळी आणि आपटून टोक पसरलेला लोखंडी दांडा. हे भाग स्वस्त आहेत आणि या यंत्राचे वीस हजारांवर नग विकले गेल्याने सहज मिळतात.

तेल मात्र मुळीच घालू नये. त्याला धूळ चिकटते आणि दांडा अडकतो.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर जास्त अँपिअरचा बसवू नका. आग लागू शकते. आणि आत हात घालण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढाच.