घरातील मत्स्यटाकी : पाण्याची स्वच्छता आणि माशांचे आरोग्य

विद्यालयाच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने माशांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्याचे कारण प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या अभ्यासिकेत काचेची एक टाकी ठेवण्यात आली. तीत सहा गोल्डफिश आणि पाच मॉली असे अकरा मासे होते. स्नेहसंमेलनास पालक येणार, तेव्हा टाकी लख्ख दिसावी, म्हणून मी सातवीच्या मुलांना ती साफ करण्यास सांगितले. मुलांनी मनापासून काम केले. मासे बादलीत काढले, टाकीतील सगळे पाणी ओतून दिले, तळाची खडी नळाखाली चोळून धुतली, फिल्टरचा काळपट पडलेला स्पंज मूळ रंग दिसेपर्यंत पिळला आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे पुन्हा सोडले. संमेलनात त्या टाकीचे सर्वांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले. आठवडा संपण्यापूर्वी अकरांपैकी सात मासे दगावले.

एका मुलाने मला विचारले, “सर, आम्ही तर एवढी साफसफाई केली होती. मग मासे कशाने मेले?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. विज्ञानाच्या सहकारी शिक्षकांना विचारून आणि पुढे स्वतः वाचन करून ते मिळवावे लागले. चूक मुलांची नव्हती. काम सांगणाऱ्याची होती. आज आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी मुलांच्या हौसेखातर अशा टाक्या आल्या आहेत. तेथे हीच चूक होऊ नये, म्हणून हा पाठ.

१. नितळ पाणी आणि निरोगी पाणी

मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचे मलमूत्र मिसळते. नदीत किंवा तळ्यात पाण्याचा साठा मोठा आणि मासे तुलनेने थोडे. टाकीत नेमके उलट असते. माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. उरलेले अन्न आणि कुजणारी पाने यांतूनही तो तयार होतो. अमोनियाला रंग नसतो. म्हणून आरशासारखे नितळ पाणीही माशाला घातक असू शकते आणि किंचित पिवळसर दिसणाऱ्या पाण्यात मासे सुखाने राहू शकतात.

या विषापासून माशांचा बचाव जिवाणू करतात. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो. नायट्राइटही घातकच; ते माशाच्या रक्तात शिरून प्राणवायू वाहून नेण्याची रक्ताची शक्ती हिरावून घेते. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो. नायट्रेट बरेच सौम्य असते. पाणवनस्पती त्याचा खत म्हणून उपयोग करतात आणि उरलेले आपण पाणी बदलून काढून टाकतो.

हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा खडीवर, काचेवर आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात. आमच्या मुलांनी जो काळपट थर घाण समजून धुऊन टाकला, त्यातच माशांचे रक्षण करणारी ही वस्ती होती. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मारले आणि माशांच्या कल्ल्यांनाही इजा केली. मग अमोनिया साचत गेला. मासे पृष्ठभागाशी येत होते, ते गुदमरल्यामुळे.

२. हे ज्ञान कसे मिळाले

सोनेरी मासा चीनमध्ये अनेक शतकांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळी, पाळला जाऊ लागला. परंतु तो मुख्यतः तळ्यांत आणि मोठ्या भांड्यांत असे. काचेच्या बंदिस्त पात्रात जीवसृष्टीचा समतोल राखता येतो काय, हा प्रश्न युरोपात एकोणिसाव्या शतकात विचारला गेला. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० मध्ये एका काचपात्रात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती प्राणवायू देईल, मासे जगतील, असा त्यांचा कयास होता. काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला आणि बुळबुळीत थर खाऊन फस्त केला व पाणी पुन्हा निवळले. ही माहिती त्यांनी केमिकल सोसायटीपुढे मांडली. पुढे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे ‘अक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. आपल्या मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मधील.

वॉरिंग्टन यांना मासा, वनस्पती आणि गोगलगाय हे तीन घटक दिसले. चौथा दिसला नाही. अमोनियाचे नायट्रेट होणे ही सजीवांची करणी आहे, हे श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. ते काम करणारे जिवाणू वेगळे करून त्यांचा अभ्यास सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास केला. म्हणजे मत्स्यालये उघडल्यानंतर सुमारे पस्तीस-चाळीस वर्षांनी त्यांतील मासे कोणाच्या बळावर जगतात, हे माणसाला नीट कळले.

३. नवी टाकी मांडताना

प्रथम टाकीचे माप काढावे. सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकारास १००० ने भागले की लिटर मिळतात. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. तेवढ्या पाण्याचेच वजन ५४ किलो. काच व खडी वेगळी. म्हणून टाकीखालचा स्टँड भक्कम आणि समतल हवा. खिडकीतील थेट ऊन टाळावे. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते.

गोलाकार काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची पद्धत सर्वस्वी सोडून द्यावी. त्यात पाणी थोडे आणि हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही अल्प. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर १५ सेंटिमीटरच्याही पुढे जातो आणि त्याचा मलही बराच असतो. आमच्या टाकीत सहा गोल्डफिश होते, हीदेखील चूकच होती. लहान टाकीसाठी गप्पी किंवा मॉली बरे. आपल्याकडे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते या माशांना मानवते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धीर. नव्या टाकीत जिवाणूंची वस्ती स्थिर होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दही लावण्यासाठी जसे विरजण लागते, तसे येथेही चालते. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असल्यास तिच्या फिल्टरमधील स्पंजचा तुकडा किंवा मूठभर खडी ओलीच आणून आपल्या टाकीत ठेवावी. वस्ती लवकर वाढते. प्रथम दोन-तीनच मासे सोडावेत आणि पुढे हळूहळू संख्या वाढवावी. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच मिळतात. स्थिर झालेल्या टाकीत दोन्हींचे प्रमाण शून्य आले पाहिजे.

४. दर आठवड्याची देखभाल

पाणी : आठवड्यातून एकदा चौथाई पाणी बदलावे, सगळे कधीही नाही. ५४ लिटरच्या टाकीत हे प्रमाण एका मध्यम बादलीएवढे होते. रबरी नळीने तळाच्या खडीतील गाळ ओढून घेत पाणी काढावे. नवे पाणी टाकीतील पाण्याइतक्याच तापमानाचे असावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवल्यास त्यातील क्लोरीन बरेचसे निघून जाते. मात्र काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात. ते नुसते ठेवून जात नाही. अशा वेळी दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रव्य बाटलीवरील मात्रेप्रमाणे वापरावे.

फिल्टर : स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो हलक्या हाताने दोन-तीनदा दाबावा. प्रवाह सुरळीत झाला की पुरे. ज्या दिवशी खडी साफ केली, त्या दिवशी स्पंजला हात लावू नये. साबण किंवा धुण्याची पावडर टाकीच्या कोणत्याही वस्तूला लागू देऊ नये. माशांची बादली वेगळीच ठेवावी.

अन्न : घरच्या टाकीतील मासे उपाशी राहून क्वचितच मरतात; जास्त खाऊ घातल्याने मात्र पुष्कळदा मरतात. घरातील प्रत्येक जण मायेने चिमूटभर अन्न टाकतो आणि ते तळाशी कुजते. दिवसातून एक-दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे आणि हे काम एकाच व्यक्तीकडे असावे. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी चालतो.

५. उन्हाळा आणि वीजकपात

पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय उष्णतेने माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि अमोनियाही अधिक विषारी ठरतो. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांनी एप्रिल-मेमध्ये टाकी घरातील थंड खोलीत ठेवावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि अन्न कमी करावे. बर्फाचे खडे थेट पाण्यात टाकू नयेत. तापमानातील एकाएकी होणारा बदल उष्णतेइतकाच बाधतो.

वीज गेल्यास बॅटरीवर चालणारा छोटा पंप उपयोगी पडतो. तो नसल्यास पेल्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे, हवा मिसळते. त्या काळात अन्न देऊ नये. बंद डब्यासारखा फिल्टर बरेच तास थांबला असेल, तर त्यातील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज आल्यावर त्यातील साचलेले पाणी ओतून, स्पंज टाकीच्या पाण्यात दाबून मगच तो सुरू करावा.

६. आजाराची लक्षणे

मासा कोपऱ्यात निपचित राहणे, पर मिटून घेणे, खडीवर अंग घासणे, अन्न नाकारणे ही लक्षणे दिसताच प्रथम औषधाच्या बाटलीकडे नव्हे, तर पाण्याकडे पाहावे. पाण्याची तपासणी करून चौथाई ते तिसरा हिस्सा पाणी बदलावे. बरेचसे आजार खराब पाण्याने अशक्त झालेल्या माशालाच होतात.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसल्यास तो परजीवीमुळे होणारा ‘पांढरा ठिपका’ हा रोग समजावा. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेत असताना औषधाला दाद देत नाही. तळाशी पडून, विभागून, त्याची पिल्ले नवा मासा शोधत पोहत असतात तेव्हाच औषध लागू पडते. म्हणून ठिपके नाहीसे झाल्याबरोबर उपचार थांबवू नयेत. बाटलीवर दिलेली मुदत पूर्ण करावी. नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मोठ्या टाकीत सोडले, तर असे रोग बहुधा घरात येतच नाहीत.

कंटाळा आला किंवा मासा फार वाढला, तरी तो नदी-तलावात सोडू नये. काच साफ करतो म्हणून आणला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील. पाळणाऱ्यांनी बाहेर सोडल्यामुळे तो आपल्याकडील जलाशयांत वाढला आहे. त्याच्या टणक काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि नुकसान मच्छीमाराचे होते. आपल्या दिवाणखान्यातील हौसेची किंमत दुसऱ्याच्या पोटाने का मोजावी? असा मासा दुकानदाराला परत द्यावा.

७. नोंदवही

सात मासे गेल्यावर टाकी उचलून ठेवावी, असा विचार झाला होता. मुलांनीच नको म्हटले. उरलेल्या चार माशांसाठी आम्ही दररोज थोडे थोडे पाणी बदलले आणि जवळजवळ महिनाभर काळजी घेतली. त्या वेळी टाकीशेजारी एक वही बांधून ठेवली. तारीख, पाण्याचे तापमान, किती पाणी बदलले, अन्न कोणी दिले, माशांच्या वागण्यात काय फरक दिसला, हे पाळीच्या मुलाने लिहायचे. इतिहासाच्या अभ्यासकाला लेखी नोंदीचे मोल सांगावे लागत नाही. आमच्या पहिल्या टाकीची नोंद नव्हती, म्हणून ती कशी बिघडत गेली, हे कोणालाच दिसले नाही. वही आल्यापासून बिघाड दुसऱ्या दिवशीच लक्षात येऊ लागला.

मुलांच्या मनात त्या माशांविषयी माया होती, यात मला कधीच शंका नव्हती. त्या मायेला लागणारे ज्ञान त्यांना देणे माझे काम होते आणि ते मी केले नव्हते. पालकांनी घरी टाकी आणताना मुलाच्या हाती माशांच्या अन्नाच्या डबीबरोबर एक वहीही द्यावी, एवढीच विनंती.

आज अभ्यासिकेत तीच टाकी आहे. माजी विद्यार्थी भेटीस येतात तेव्हा काचेवर थोडे शेवाळ पाहून, “सर, टाकी साफ करत नाही का?” असे विचारतात. मी काही बोलत नाही. पाळीवरचा विद्यार्थी वही पुढे करतो आणि समजावून सांगतो.