परवाना, सराव आणि सिम्युलेटर

विमान चालविण्याचा परवाना हाती आला म्हणजे वैमानिकाचे शिक्षण पुरे झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. सराव तुटला की हाताचे वळणही सुटते; आणि वैमानिकाच्या बाबतीत त्याची किंमत प्रवाशांना मोजावी लागते.

म्हणूनच अमेरिकेत प्रवासी नेणाऱ्या वैमानिकाने मागील ९० दिवसांत किमान तीन वेळा विमान आकाशात नेऊन तीन वेळा उतरविलेले असावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार विमान कंपन्यांच्या वैमानिकांचे कौशल्य वर्षातून दोनदा तपासले जाते. हा सराव व ही तपासणी मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर, म्हणजे उड्डाणाचे हुबेहूब अनुकरण करणाऱ्या यंत्रावर, करता येते. आपल्या देशात अशा यंत्रांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आवश्यक असते.

या यंत्राचा उगम वाद्यांच्या कारखान्यात झाला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन व पियानो तयार करण्याचा व्यवसाय होता. ऑर्गनच्या भात्यांवर लाकडी विमान डोलवून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास आपले यंत्र सिद्ध केले. प्रारंभी त्याकडे करमणुकीचे साधन म्हणूनच पाहिले गेले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याकडे हवाई टपाल नेण्याचे काम आले आणि खराब हवामानात अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचे शिक्षण अपुरे होते. त्याच वर्षी सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली.

आजच्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाला आग लागणे, धावपट्टीवर असतानाच इंजिन बंद पडणे, असे प्रसंग पुन्हा पुन्हा उभे करता येतात. प्रत्यक्ष विमानात ही चूक जिवावर बेतेल; येथे ती धडा ठरते.

तथापि यंत्राने चुकीचे शिकविले तर? १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले एक एअरबस विमान कोसळून २६५ माणसे दगावली. सुकाणूच्या अतिरेकी वापराने शेपटीचा उभा पंख तुटला होता. अशा वापरास कंपनीच्या प्रशिक्षणक्रमातील काही भागही कारणीभूत ठरला, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

सारांश, यंत्र कितीही अचूक असले तरी ते काय शिकविते, हे वेळोवेळी तपासले पाहिजे. परवाना वैमानिकाची पात्रता सांगतो. ती आजही टिकून आहे काय, हे मात्र सरावच सांगतो.